तालावेराच्या चर्चमधली टकटक

नालासोपारा ते अर्नाळा या पट्ट्यात माझ्याइतकी सरळ लादी बसवणारा दुसरा मिस्त्री नाय, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. माझ्या स्वतःच्या घरात मोरीचं पाणी आजही गॅसच्या ओट्याखाली येतं, ते सोडा.

मी रघुनाथ. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, त्यात दुसरी दोनदा. लिहिता येत नाय, म्हणून मी फोनमध्ये बोलतोय आणि फोन लिहितोय. चुकलं तर फोनला बोला. तुमच्या या भुतांच्या ग्रुपवरचे अनुभव पण मी असेच फोनला वाचायला लावून काम करता करता ऐकतो. ऐकून हसायचो. भूत-खेत, चाहूल-बिहूल मी कधी मानलं नाय. घाबरायचो, ती गोष्ट वेगळी. विरार ईस्टला एका नव्या बिल्डिंगमध्ये अंधारातून मांजर निघाली तेव्हा मी कालवलेल्या सिमेंट-मालाच्या घमेल्यात बसलो होतो. पँट वाळून उभी राहिली होती, हे माझ्या बायकोने अख्ख्या साईटला सांगितलं. पण मानत नव्हतो.

आता जे सांगतोय ते स्पेन देशात घडलं. हो, स्पेन. आधी मला वाटायचं स्पेन म्हणजे फक्त फुटबॉलची टीम आहे.

पण स्पेनच्या आधी मंगल. मंगल माझी बायको. अर्नाळ्याची, कोळ्यांच्या घरातली. मी तिच्या बापाच्या घरी मोरीची लादी बसवायला गेलो होतो. ती दारात उभी राहून बोलली, "ती कोपऱ्यातली वर आलीय." मी बोललो, "नजरेचा भास आहे." तिनं काय वाद घातला नाय. तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून माझ्या पायाशी आलं. मग लग्नच करावं लागलं. असली नजर दुसऱ्या मिस्त्रीला भेटली असती तर माझा धंदा बसला असता.

तेव्हापासून आमचं काम जोडीनं. मी लादी बसवणार, ती पलीकडच्या रूममध्ये माल कालवणार आणि मागून सांधे भरणार. साईटवर काय असतं — एका रूममध्ये कटर चालू, वरच्या मजल्यावर ड्रिल चालू, खाली कोणीतरी मोबाईलवर गाणी लावलेली. हाका मारून घसा बसतो. म्हणून आम्ही भिंतीवर वाजवून बोलायचो. माल संपला की मी दोनदा वाजवायचो — टक टक. म्हणजे 'आण'. पलीकडून ती करणीच्या, म्हणजे माल लावायच्या थापीच्या, पाठीनं वाजवायची. दोनदा वाजवलं तर 'आणते'. आणि एकदाच वाजवून करणी भिंतीवरून खाली ओढली — टक... खर्रर — तर 'थांब'. करणीला लागलेला माल ती त्यातच निपटून घ्यायची. तिच्या करणीचं टोक वाकलेलं होतं, त्यामुळे त्या खर्ररच्या शेवटाला बारीक कुईं व्हायचं.

अख्ख्या संसारात मी 'आणते' बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकलं असेल. बाकी सगळं थांब. मग मी ओरडायचो, "लवकर कर ना, इकडे सुकतंय." रोजचं.

आता स्पेन कुठून आलं ते सांगतो. लादी चिकटवायच्या पावडरची गोणी येते ना, तिच्यात कंपनीचं कुपन असतं. मिस्त्री लोकांसाठी स्कीम, सगळ्यात जास्त कुपनांना स्पेनची टूर. बाकीचे मिस्त्री त्या कुपनांवर मिक्सर घ्यायचे, घड्याळ घ्यायचे. आमच्यात कुपनं मंगल जमवायची, तिच्या मोबाईलवर, कारण ते स्कॅन-बिन तिलाच जमायचं. पण ती कधी काय घ्यायची नाय. "साचू दे," बोलायची. मी एकदा गुपचूप इस्त्री मागवायला गेलो तर चुकून तिच्या बहिणीला फोन लागला.

साचवत कशाला होती, तर सातिवलीच्या गोडाऊनवाल्याने एक वर्षी आम्हाला कॅलेंडर दिलं होतं. त्यात एक फोटो. तालावेरा म्हणून स्पेनमध्ये गाव आहे, तिथलं चर्च. दाराच्या बाहेर टाईल्स, आत टाईल्स, निळ्या-पिवळ्या, त्यावर माणसं काढलेली, घोडे, झाडं, दाढीवाले संत. वर्ष संपलं, कॅलेंडर गेलं, ते पान राहिलं. पाण्याच्या फिल्टरच्या वर चिकटवलं होतं तिनं. पाणी भरताना बघत राहायची, पिंप भरून वाहायचं.

"आपण मोरीला लावतो, तेच बघ तिकडे देवाच्या घराला लावलंय," बोलायची. "एकदा हात लावून बघायचंय मला."

"मग वसईत काय चर्च कमी आहेत काय? रिक्षात बस, दहा दाखवतो."

"तुला काय कळतंय."

हे पण रोजचं.

मागच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. आधी वाटलं ॲसिडिटी, मग वाटलं खडा, मग डॉक्टरने मला एकट्याला बाहेर बोलावलं. पावसाच्या आधी धरलं आणि पाऊस जायच्या आत सगळं संपलं. शेवटी शेवटी तिचं बोलणं बंद झालं होतं. मी हॉस्पिटलात कॉटच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवायचो. टक टक. ती डोळे मिटलेलेच ठेवून एक बोट वर करायची. थांब. नर्सबाई मला ओरडली, "पेशंटला कशाला त्रास देताय?" मी बोललो, "त्रास नाय बाई, आमची ड्युटी चालू आहे."

शेवटच्या दिवशी मी वाजवलं. बोट वर आलं नाय. परत वाजवलं. मग ती दांडीच धरून बसलो.

यावर जास्त बोलत नाय. आवाज बिघडला की फोन भलतंच काहीतरी लिहितो.

नंतर कामावर माल कालवायला एक माणूस ठेवला. चांगला होता बिचारा. पण मी सवयीनं भिंतीवर वाजवलं की हातातलं टाकून पळत यायचा, "क्या हुआ चाचा, गिर गये क्या?" मग मी वाजवणं सोडून दिलं. जेवण कधी करायचो, कधी नाय. लोकांना जोक मारायचो — माझं पण वरचं तिकीट काढा, मंगलने सीट धरून ठेवलीय. लोक हसायचे. मी पण हसायचो. पण खरं सांगतो, तो जोक नव्हता. सकाळी उठलो की पहिलं तेच वाटायचं, आज काय करायचं राहिलंय इथं.

एक माणूस हसायचं नाय. काशीताई. मंगलची थोरली बहीण. अर्नाळ्याच्या बाजारात मासळी विकते. तिच्याशी भाव करायला गेलेली माणसं जास्त घेऊन परत येतात. मी तिकिटाचा जोक मारला की ती माझ्याकडे नुसती बघायची, शिळ्या पापलेटाकडे बघतात तशी.

आणि एक दिवस मंगलच्या मोबाईलवर फोन आला. कंपनीतून. "मंगल मॅडम आहेत का? अभिनंदन, त्यांच्या कुपनांवर स्पेन टूर लागलीय. टाईल्सचं प्रदर्शन आणि तालावेरा दर्शन."

मी बोललो, मॅडम नायत.

"कधी येतील?"

मी बोललो, "टाईम लागेल."

मग खरं सांगितलं. तिकडच्या पोरीने सॉरी बोलून फोन ठेवला. चार दिवसांनी साहेबाचा फोन आला, की मॅडमच्या जागी तुम्ही या. मी जाणार नव्हतो. पण काशीताई घरी आली, भिंतीवरचं ते पान बघितलं आणि बोलली, "तिनं साठवलंय ते. जाऊन बघून ये. तिला बघाया भेटला नाय, तू तरी नीट बघ. झोपू नको तिकडं."

निघताना मी मंगलची करणी बरोबर घेतली. का घेतली विचारू नका. हातातल्याच बॅगेत टाकली, हुशार माणूस मी. विमानतळावर बॅग मशीनमध्ये गेली आणि वर्दीवाले तीन जण जमले. "ये क्या है?" बोललो, बीवी का है. "बीवी किधर है?" आता परत तेच. बाजूच्या ट्रेमध्ये लोकांच्या कात्र्या, चाकू, कसल्या कसल्या बाटल्या पडलेल्या. त्यात करणी टाकली त्यांनी. मी काचेतून मागे वळून वळून बघत होतो. पुढच्या बाईच्या ट्रॉलीला धडकलो.

आम्ही पन्नासेक मिस्त्री होतो, सगळ्या राज्यांतले. माझा रूम पार्टनर दत्ता, कोल्हापूर साईडचा, मिशीवाला. प्रदर्शन माद्रिदला झालं. तिथं मी काचेच्या दारावर डोकं आपटलं, बाकी सांगण्यासारखं काय नाय. दुसऱ्या दिवशी बसने तालावेरा.

गाव छान आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यासारख्या जुन्या भिंती आहेत, फक्त त्यांच्या भिंतीला लागून कोणी दुचाकी लावलेली नाय. मोठी नदी आहे, तिच्यावर जुना दगडी पूल, त्याचा मधला तुकडा पडलेला. आम्ही सगळे मिस्त्री तिथं उभं राहून अर्धा तास चर्चा केली की पाया कसा घ्यायला पाहिजे होता. गाईड बाई मारिया, ती इंग्रजीत सांगायची, कंपनीचे साहेब हिंदीत करून सांगायचे. ती बोलली हा पूल शेकडो वर्षं जुना आहे. दत्ता हळूच बोलला, "आपली वॉरंटी वरसाची आसती, गप बस."

दुकानांवर टाईल्स, घरांच्या नंबरांना टाईल्स, बागेत बसायचे बाक सुद्धा टाईल्सचे. एका कारखान्यात एक म्हातारी बाई ब्रशने लादीवर चित्र काढत होती. तिने मला ब्रश दिला. मी मन लावून पोपट काढला. ती खूश होऊन काहीतरी बोलली. साहेबांनी सांगितलं, "बोलती है मछली अच्छी है."

सगळीकडे मी नीट बघत होतो. झोपलो नाय. पण खरं सांगू का, बघायला दोन डोळे पुरत नव्हते. म्हणजे काय, की मला प्रत्येक वेळी बाजूला बघायची सवय. काय चांगलं दिसलं की बाजूला बघायचं — बघितलंस का? बाजूला दत्ताची मिशी.

दुपारी चर्च. बागेच्या मधोमध आहे. पान भिंतीवर लावून इतकी वर्षं बघितलेलं, म्हणून लांबूनच ओळखलं, आपल्या गावातला माणूस परगावी दिसावा तसं. बाहेर पडवी, तिथंच सुरुवात — संत, राजे, जहाजं, सगळं लाद्यांवर. आत गेलो तर भिंतींना खालच्या अंगाला सगळीकडे निळं-पिवळं.

आता पन्नास मिस्त्री एका टाईल्सच्या चर्चमध्ये सोडल्यावर काय होणार? आमच्या धंद्यात लादी डोळ्यांनी बघत नायत, वाजवून बघतात. मागे पोकळ राहिली की बद्द वाजते. मारिया सांगत होती हात लावू नका, आणि तिच्या पाठीमागे टक टक, टुक टुक, टक टक. पूर्ण चर्चमध्ये सुतारपक्षी सोडल्यासारखे. कोण बोलतंय "भरीव आहे", कोण बोलतंय "सांधा बघ, कागद जाणार नाय." तिथला राखणदार, म्हातारा, चाव्यांचा जुडगा कमरेला, तो लाल झाला. काहीतरी ओरडला. साहेबांनी सगळ्यांना मेंढरांसारखं बाहेर काढलं. चर्च दुपारी बंद करतात, ही लोकं जेवून झोपतात म्हणे. पूर्ण स्पेनमध्ये मला पटलेला हा एकच नियम.

मी मागे राहिलो. राहिलो म्हणजे, डाव्या हाताच्या भिंतीत एक लादी वेगळी दिसली. एका संताच्या पायाची जागा, तिथं कधीतरी फुटली असणार, दुसऱ्याच कुठल्या चित्राचा तुकडा बसवलेला. संताला एक पाय आणि एक फूल. मंगलने ते दारातूनच पकडलं असतं. मी गुडघ्यावर बसलो आणि तिला लावायचा होता तसा पंजा लावला. गार होती. लहान मुलाच्या गालासारखी गुळगुळीत, मध्येच खडबडीत.

बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. भरीव. बाजूची वाजवली. भरीव. आणि मग हातानं आपल्या आपण दोनदा वाजवलं. टक टक. मी ठरवून नाय वाजवलं. किती महिने वाजवलं नव्हतं.

भिंतीच्या पलीकडून आलं —

टक... खर्रर. आणि शेवटाला कुईं.

मला काय शहारा-बिहारा आला नाय. तुम्ही लोक लिहिता तसं अंगावर काटा वगैरे काय नाय. माझ्या तोंडून रोजच्यासारखं निघालं, "लवकर कर ना, इकडे सुकतंय."

बोललो आणि मग कळलं आपण कुठं बसलोय.

गुडघ्यावर होतो तो तिथंच खाली बसलो, भिंतीला पाठ लावून. वरून उन्हाचा एक पट्टा येत होता, त्यात धूळ दिसत होती, साईटवर दिसते तशी. मी काय केलं असेल? थांबलो. तिनं थांब सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिनं सांगितल्यावर गप थांबलो.

किती वेळ गेला माहीत नाय. दत्ता शोधत आला.

"आरं रघू, बस सुटाय लागली की. काय करायलायस हितं?"

"थांबलोय."

"कुणासाठनं?"

"मंगल बोलली थांब."

दत्ताला मंगलचं सगळं माहीत होतं. रूमवर दोन रात्री त्याला तेच ऐकवलं होतं मी. त्यानं माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मला वाटलं आता हसणार. तो टोपी काढून बाजूला बसला.

"कुठनं वाजलं?"

दाखवलं. त्यानं कान लावला. मला बोलला, "परत वाजीव." मी वाजवलं. टक टक. आणि नेमकं मला रडू फुटलं, तेही धड नाय, नाकातून. मी रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. पूर्ण चर्चमध्ये हॉर्न वाजल्यासारखं घुमलं. शिंकरून झाल्यावर दत्ताला विचारलं, "आलं काय?"

दत्ताने भिंतीवरचा कान काढला, टोपी घातली. मग बोलला, "न्हाई रघू. काय न्हाई. चल."

तेवढ्यात साहेब आले, मारिया आली, राखणदार चाव्या वाजवत आला. साहेब बोलले, "रघुनाथजी, पूरी बस बैठी है." दत्ताने त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं ते माहीत नाय, पण मारियाने राखणदाराला विचारलं, पलीकडे काम चालू आहे का? दुरुस्ती वगैरे? राखणदाराने नाय म्हणून मान हलवली. मग त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले — भिंत एवढी जाड आहे. पसरून पुरले नाय म्हणून दत्ताचा हात धरून पुढे केला. एवढी. पलीकडे खोली नाय, जिना नाय, पाईप नाय, काय नाय.

तरी मी हट्ट धरला म्हणून सगळे बाहेरून वळसा घालून गेलो. राखणदार पण आला, जेवण सोडून. त्या जागी बाहेर साधी विटांची भिंत, खाली माती, दोन-चार गुलाबाची झाडं. माती ओली होती आणि तिच्यावर कुणाचाच पाय नव्हता. पहिला पाय माझा, तोही गुलाबात.

मी बोललो, मला अजून जरा बसू द्या आत. राखणदाराने माझ्याकडे बघितलं. त्यानं कुलूप लावलं, पण लगेच गेला नाय. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मारियाने ते साहेबांना सांगितलंच नाय, म्हणून मला आजपर्यंत कळलं नाय तो काय बोलला. चुकीच्या लादीबद्दल तर नसेल, असं मला मध्येच वाटतं.

दत्ताने मला हाताला धरून बसमध्ये नेलं. मी खिडकीला तोंड लावून बसलो. दत्ताला काय ऐकू आलं नाय म्हणजे माझाच भास, असं मनाला सांगितलं. पटत होतं. पटत होतं म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं.

परत येताना विमानात सगळे झोपलेले. दत्ता अचानक बोलला, "रघू, मी खोटं बोललो."

"काय?"

"तू नाक शिंकरलंस तवा आलंवतं. टक मला न्हाई ऐकू आलं, तुझ्या नाकानं. पर खरवडल्यागत झालं भिंतीत. लांब. आनि शेवटाला बारीक आवाज, उंदराच्या पिल्लागत."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला टकटक सांगितली होती, खर्रर पण सांगितलं होतं. ते कुईं मी त्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"मग तिथं का नाय बोललास?"

"बोललो आसतो तर तू आला आसतास व्हय?"

बरोबर होतं त्याचं. नसतो आलो. पण माझं दुःख वेगळंच आहे. माझ्या बायकोने मला दुसऱ्यांदा उत्तर दिलं, त्या एवढ्या लांबच्या देशात, आणि मी तेव्हा नाक शिंकरत होतो. तिला कळलं असेल तर ती पोट धरून हसली असेल.

इथं आल्यावर मी बऱ्याच लोकांना विचारलं. एक इंजिनियर साहेब बोलले, उन्हानं भिंत तापते, गार होते, आवाज करते. असेल. पण भिंत गार होताना वाकलेल्या करणीचा आवाज करते काय? आगाशीच्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेलो, बोललो कटरच्या आवाजानं माझे कान वाजत असतील. त्यानं तपासलं आणि बोलला, तुम्हाला कमी ऐकू येतं, जास्त नाय. माझ्या ओळखीचे एक फादर आहेत, त्यांच्या किचनची लादी मी बसवलीय, त्यांना विचारलं. ते बोलले, मी तिच्यासाठी प्रार्थना करीन, पण माझ्या सिंकखालची लादी सुटलीय ती बघून जा. तुमच्यापैकी कुणाला काय माहीत असेल तर बोलून पाठवा, लिहू नका.

मी तेव्हापासून रोज वाजवतो. घरात, साईटवर, कुठली भिंत दिसली की. काय येत नाय. शेजारचे एकदा विचारायला आले, खिळा ठोकताय काय.

काशीताईला सांगायला गेलो ते आल्यावर आठवड्यानं. मुद्दामच टाळत होतो. ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती, दांडीवर जोड्या लावून. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती हात न थांबवता ऐकत होती. मी शेवटी बोललो, "ताई, आता मला इथं काय राहवत नाय. ती तिकडे आहे, वाट बघतेय माझी. तिनं बोलावलंय मला."

काशीताईने हातातला बोंबील खाली ठेवला.

"बोलावलंय? कोनी बोलावलंय? थांब बोलली ना ती तुला?"

"हो."

"मग थांब की गप. लग्न झाल्यापासून तुझा माल कालवून हात सोलले तिचे. आता कुठं जरा टेकलीय माझी बहीन, देवाच्या घरात, तिच्या आवडीच्या जागेवर. लगेच घाई करून तिच्या डोक्यावर जाऊन बसू नको. आनि ती टोपली उचल, ऊन चाललंय."